महापौराला मत देण्याआधी कराची पावती हातात घ्या

२०२७ मध्ये आपल्या इंदूरात परत नगर निगमाची निवडणूक आहे, कारण २०२२ च्या जुलैत निवडून आलेल्या परिषदेची पाच वर्षं तेव्हा संपतात. तिकीट कोणाला, कोणत्या गटाचा माणूस, सीट आरक्षित निघेल की खुली राहील, यावर आपण तासन्‌तास बोलू शकतो, पण यातलं काहीच आपल्या हातात नसतं. आपल्या हातात असतं ते एवढंच की दरवर्षी निगमाला आपण जे पैसे भरतो त्यांचा हिशोब धरून समोरचा उमेदवार तपासायचा. तो कसा तपासायचा ते इथे लिहिते आहे, सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, स्नेहलतागंज इकडची आपली मराठी घरं डोळ्यांसमोर आहेत, पण शहरातल्या कोणालाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मतदार यादी. विधानसभा-लोकसभेची निवडणूक भारत निर्वाचन आयोग घेतो आणि निगमाची घेतो मध्यप्रदेश राज्य निर्वाचन आयोग, दोन्ही वेगळे आहेत आणि निगमाची यादी वॉर्डवार वेगळी बनते. म्हणजे विधानसभेला मत दिलं होतं म्हणून निगमाच्या यादीत नाव असेलच असं धरून चालू नका. घरातल्या चौघांची नावं दोन वेगळ्या वॉर्डांत गेलेली असू शकतात, आणि परिसीमन झालं, म्हणजे वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या, की तुमचा वॉर्डच बदललेला असू शकतो. यादीचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हा दावे-आक्षेपांसाठी थोडेच दिवस मिळतात, तेवढ्यात निगमाच्या झोन ऑफिसला नाहीतर बीएलओकडे (बूथची मतदार यादी बघणारा कर्मचारी) जाऊन नाव बघून या, भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींचंही, आणि आजीआजोबांचंही, त्यांचं नाव चुकून कापलं गेलं तर मतदानाच्या दिवशी उन्हात उभं राहून काहीही करता येत नाही.

हे झालं की घरातली कागदपत्रांची पिशवी काढा.

पावती कशी वाचायची

आपण बहुतेक जण खालचा एकूण आकडा बघतो, "यंदा जास्त आलंय" म्हणतो आणि भरून टाकतो. पण त्या एका कागदावर वेगवेगळी खाती असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या माणसाकडून घ्यायचं असतं. मुख्य संपत्ती कर, मग समेकित कर (सफाई, दिवाबत्ती वगैरेंचा एकत्र कर), शिक्षा उपकर, नगरीय विकास उपकर, आणि वेगळे आकारले जाणारे जलकर आणि कचरा संग्रहण शुल्क. मागच्या चार-पाच वर्षांच्या पावत्या एका खाली एक मांडा (वहीत लिहा, फोनमध्ये फोटो नुसते ठेवू नका, आकडे शेजारी शेजारी दिसायला हवेत) आणि बघा नक्की काय वाढलंय. संपत्ती कर वाढलाय का? की संपत्ती कर तेवढाच आहे आणि पाणी-कचरा वाढलाय? का जुनी थकबाकी आणि तिच्यावरचा अधिभार म्हणजे उशिराचा दंड जोडून आलाय? या तिन्ही गोष्टी एकदम वेगळ्या आहेत आणि प्रचारात मात्र सगळ्यांना एकच नाव असतं, "टॅक्स वाढवला".

संपत्ती कराचा हिशोब असा चालतो. तुमच्या घराचं बांधलेलं क्षेत्रफळ, घर कसलं आहे म्हणजे आरसीसी का पत्र्याचं, राहण्यासाठी का धंद्यासाठी, आणि कॉलनी कोणत्या रेट झोनमध्ये येते, यावरून दर चौरस फुटाचा दर ठरतो आणि त्यातून वार्षिक भाडे मूल्य निघतं. त्याच्या ठरावीक टक्क्यांनी कर, कायद्यात ही टक्केवारी ६ ते १० च्या मधे आहे. आणि स्वतः राहत असाल तर निम्मी सूट. समजा हजार फुटांचं घर आहे, दर २० रुपये धरा, भाडे मूल्य झालं २० हजार, ८ टक्क्यांनी कर १६०० आणि स्वतः राहता म्हणून ८००. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, तुमचा खरा दर तुमच्या रेट झोनचा. पण यातून एक गोष्ट दिसते बघा, टक्केवारीला हात न लावता नुसता कॉलनीचा रेट झोन बदलला तरी कर वाढतो. त्यामुळे उमेदवार म्हणाला की "कराचा दर आम्ही वाढवणार नाही" तर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, रेट झोन बदलणार का?

आपल्याकडे हे स्वनिर्धारण आहे, म्हणजे मोजमाप आपणच भरून द्यायचं असतं. एकदा वडिलांनी भरलेलं वर्षानुवर्षं तसंच चालत राहतं, मधे वरचा मजला चढतो, खाली भाडेकरू येतो, समोर मुलाचं क्लिनिक निघतं, आणि कागदावर अजून तेच जुनं घर असतं. कायद्याने १० टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात, त्यापुढे फरकाच्या पाचपट दंड लागू शकतो. म्हणून उमेदवाराचा हिशोब मागण्याआधी आपला नीट करून घ्या, हे मी मनापासून सांगते, कारण कर चुकवून परत खड्ड्यांवर बोलायला तोंड राहत नाही. आणि उलटंही होतं, राहतं घर भाड्याचं म्हणून लागलेलं असतं किंवा क्षेत्रफळ जास्त धरलेलं असतं, तेव्हा झोनमध्ये अर्ज देऊन दुरुस्ती करून घ्या, तो आपला हक्क आहे. ३० जूनच्या आत वर्षाचा कर पूर्ण भरला तर सूट मिळते तीही घ्या.

थकबाकी असेल तर नेशनल लोक अदालतीकडे लक्ष ठेवा. तिथे संपत्ती कराचा मूळ आकडा माफ होत नाही, अधिभार माफ होतो. थकबाकी ५० हजारांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, ५० हजार ते १ लाख असेल तर निम्मा, त्यावर २५ टक्के, अशी सूट राज्य सरकार देत आलंय. हे सांगायचं कारण असं की निवडणुकीच्या तोंडावर वॉर्डात कोणीतरी येतं आणि "मी तुमचा टॅक्स माफ करवून दिला" असं सांगून जातं. ती राज्याची दरवेळची सूट असते, त्या माणसाची देणगी नसते.

"कर वाढवणार नाही" याला किती किंमत द्यायची

या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण पुढच्या निवडणुकीत सगळ्यात जास्त आश्वासनं इथेच मिळतील.

आठवून बघा. २०२० च्या सुरुवातीपासून २०२२ च्या जुलैपर्यंत इंदूरला निवडून आलेला महापौरच नव्हता, प्रशासक होते. त्या काळात एप्रिल २०२१ ला जलकर, कचरा शुल्क, सीवरेज सगळं एकदम वाढवायचं ठरलं, शहरभर ओरड झाली, सगळ्या पक्षांचे लोक बोलले आणि ती वाढ थांबवली गेली. मग निवडून आलेली परिषद आली आणि २०२४ मध्ये दर वाढलेच. म्हणजे प्रशासक असो की महापौर, वाढीचा दाब कायम होता. तो कुठून येतो हे समजून घेतलं नाही तर आपण दर पाच वर्षांनी त्याच वाक्यावर टाळ्या वाजवत बसू.

एक दाब वरून येतो. २०२० मध्ये कोविडच्या वेळी केंद्राने राज्यांना जास्तीचं कर्ज घ्यायची परवानगी दिली पण काही सुधारणांच्या अटीवर, आणि त्यातली एक अट शहरांबद्दल होती, संपत्ती कराचा किमान दर सरकारी गाइडलाइनच्या भावाशी (रजिस्ट्रीसाठी सरकार ठरवतं तो जमीन-घराचा भाव) जोडा आणि पाणी-ड्रेनेजचं शुल्क खर्चाशी जोडा. देशात ही अट सगळ्यात आधी पूर्ण करणारी दोन राज्यं होती आंध्र प्रदेश आणि आपलं मध्यप्रदेश, जानेवारी २०२१ मध्ये दोघांना मिळून ४८९८ कोटींचं जादा कर्ज मंजूर झालं. पुढे पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानाला संपत्ती कराची अट लावली, किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या हिशोबाने वाढवून दाखवा. म्हणजे कर गोठवला तर वरून येणारं अनुदान अडू शकतं. आता जो उमेदवार पाच वर्षं एक पैसा वाढवणार नाही म्हणतो त्याने हे सांगायला हवं ना की मग अनुदानाचं काय करणार. आणि ही गाइडलाइन, जिला कलेक्टर गाइडलाइन म्हणतात, ती तर महापौर ठरवतच नाही, ती दरवर्षी राज्याच्या पंजीयन खात्याकडून येते.

दुसरा दाब पाण्याचा. आपलं नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून येतं. १९७० मध्ये या शहराने आंदोलन करून ते मागून घेतलं आणि १९७८ ला ते आलं, आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांना ते दिवस नीट आठवतात. पण ते पाणी चढवायला लागणाऱ्या विजेचं बिल फार मोठं आहे, दर महिन्याचं कोट्यवधींचं, आणि जलकरातून येणारे पैसे त्याला पुरत नाहीत. म्हणून निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट लावायला. कल्पना मला चांगलीच वाटते, पण बाँड म्हणजे कर्ज आहे, व्याजासकट परत करायचं आहे, आणि त्यातून वीजबिलात खरंच किती बचत होते आहे हा आकडा पुढच्या महापौराच्या तोंडावर असायलाच हवा. नसेल तर तो माणूस तयारी करून आलेला नाही.

तिसरी गोष्ट, कराशिवाय निगमाचे पैसे येतात कुठून. चुंगी म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरची जकात बंद होऊन किती दशकं झाली, तिच्या बदल्यात राज्याकडून चुंगी क्षतिपूर्ती येते, रजिस्ट्रीच्या स्टॅम्प ड्यूटीतला वाटा येतो, केंद्राची अनुदानं येतात, बिल्डिंग परमिशनची फी येते. निगमाचं बजेट आता ८ हजार कोटींच्या वर दाखवतात. पण बजेट म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत, त्यातला बराच भाग "येतील" असं धरलेला असतो. म्हणून उमेदवार बजेटचा आकडा अभिमानाने सांगायला लागला की शांतपणे विचारा, मागच्या वर्षी यातले प्रत्यक्ष किती आले आणि किती खर्च झाले? बजेटच्या कागदात मागच्या वर्षाचे सुधारित आकडे शेजारच्याच रकान्यात असतात, ते ज्याने वाचलेत तो उत्तर देईल.

माझं मत सरळ आहे. "कर वाढवणार नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "कर एवढा वाढवीन, त्यातून हे काम करीन आणि हिशोब वॉर्डात लावीन" म्हणणाऱ्याला मी जास्त मानते. आणि त्याच्याही आधी तो उमेदवार मला हवा जो गळती थांबवायची भाषा करतो, कारण २०२४ मध्ये काय निघालं ते आपण सगळ्यांनी वाचलंय, ड्रेनेजच्या न झालेल्या कामांची बनावट बिलं, कोट्यवधींची, पोलीस केस, अटका. ते आपण भरलेल्या कराचे पैसे होते. ज्या शहराला २०१७ पासून सलग देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मान मिळत आला, ज्या शहरात बायाबापड्यांनी ओला-सुका कचरा वेगळा करून देशाला दाखवून दिलं, त्या शहरात जमिनीखालच्या कामाची बिलं खोटी निघावीत याचं मला अजून वाईट वाटतं. आणि २०२५ च्या डिसेंबर अखेरीला भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात घाण पाणी मिसळलं आणि माणसं गेली. ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनी दिसत नाहीत म्हणून आपण त्यांच्यावर मत देत नाही, चकचकीत चौक दिसतो म्हणून त्यावर देतो. यावेळी प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न हाच असावा की माझ्या वॉर्डातली पाण्याची लाइन किती जुनी आहे, ड्रेनेजच्या लाइनीला कुठे कुठे लागून जाते आणि पाण्याची तपासणी कोण, किती दिवसांनी करतं आणि रिपोर्ट मला कुठे दिसेल.

महापौर काय करू शकतो आणि काय नाही

अर्धी आश्वासनं इथेच गळून पडतात. आतल्या रस्त्यांची, पाण्याची, ड्रेनेजची, कचऱ्याची, दिवाबत्तीची, बगीच्यांची, पार्किंगची, बिल्डिंग परमिशनची जबाबदारी निगमाची. सिटी बसची कंपनी वेगळी आहे पण तिथे महापौराचा शब्द चालतो. मेट्रो राज्य आणि केंद्राच्या मेट्रो कंपनीची आहे, मे २०२५ मध्ये गांधी नगर ते सुपर कॉरिडॉरचा पहिला टप्पा सुरू झाला त्यात आणि पुढचा मार्ग जमिनीखालून की वरून यात महापौर मत मांडू शकतो, निर्णय त्याचा नाही. बरेच फ्लायओव्हर विकास प्राधिकरणाचे. वीजबिल पश्चिम क्षेत्र वीज कंपनीचं. ट्रॅफिक पोलीस कमिश्नरकडे. मास्टर प्लॅन राज्याचा. अवैध कॉलन्या वैध करणं राज्याच्या नियमांवर अवलंबून. बीआरटीएस म्हणजे बसची वेगळी लेन काढून टाकायचा निर्णय सुद्धा हायकोर्टाच्या परवानगीने झाला, हे विसरू नका, काढला म्हणून श्रेय घेणारे आणि काढला म्हणून शिव्या देणारे दोन्ही भेटतील.

निगमाच्या आतही महापौर एकटा राजा नसतो. कमिश्नर राज्य सरकारचा आयएएस अधिकारी असतो. महापौर पार्षदांमधून (नगरसेवकांमधून) आपली मेयर-इन-काउंसिल, म्हणजे त्याचं छोटं मंत्रिमंडळ, निवडतो. आणि बजेट, कराचे दर, हे परिषदेत म्हणजे सगळ्या पार्षदांच्या सभेत मंजूर व्हावे लागतात. ग्वाल्हेरचं उदाहरण बघा, २०२२ मध्ये तिथे काँग्रेसच्या महापौर निवडून आल्या पण परिषदेत भाजपचे पार्षद जास्त. अशा ठिकाणी महापौराला प्रत्येक ठरावासाठी समोरच्यांना बरोबर घ्यावं लागतं. इंदूरात २०२२ ला दोन्ही एकाच पक्षाचे आले, तिथे उलटा प्रश्न उभा राहतो, सभेत महापौराला अडवून विचारणारं कोण आहे? म्हणून महापौराचं मत आणि पार्षदाचं मत ही दोन वेगळी मतं आहेत, आणि दोन्ही वेगवेगळी विचार करून द्यायची. आमच्याकडे घरोघरी महापौरावर महिनाभर वाद होतो आणि पार्षदाचं बटण आत जाऊन सुचेल तसं दाबलं जातं, हे बदलायलाच हवं, कारण नळाला पाणी आलं नाही तर तुम्ही फोन महापौराला करत नाही, पार्षदाला करता.

उमेदवाराचा कागद

फॉर्म भरले गेले की प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र सार्वजनिक होतं, रिटर्निंग ऑफिसरकडे आणि राज्य निर्वाचन आयोगाच्या वेबसाईटवर. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं. वाचताना नुसतं "इतके कोटी" बघून थांबू नका. गुन्ह्यांच्या रकान्यात कलमं बघा, आंदोलनात रस्ता अडवल्याची केस आणि फसवणुकीची किंवा मारहाणीची केस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालमत्तेत बघा शहरात किती प्लॉट, किती व्यापारी गाळे, कुठल्या कॉलनाइजर फर्ममध्ये भागीदारी आहे का, कारण उद्या बिल्डिंग परमिशन आणि रेट झोनचे निर्णय हीच मंडळी घेणार. आधीही लढलेला उमेदवार असेल तर जुनं शपथपत्र काढून दोन्ही शेजारी ठेवा. निगमाचा नो ड्यूज म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला तर फॉर्म भरताना त्याला द्यावाच लागतो, पण विचारा की तो आधीपासून दरवर्षी वेळेवर भरत होता की फॉर्मच्या आदल्या आठवड्यात थकबाकी एकदम भरली.

खर्चाची मर्यादाही माहीत असू द्या. २०२२ मध्ये १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरात महापौराच्या उमेदवाराला ३५ लाख आणि पार्षदाला पावणेनऊ लाख अशी मर्यादा होती. तुमच्या गल्लीतले बॅनर, भंडारे, गाड्या, ढोल-ताशे बघून स्वतः अंदाज लावा. तिकीट मिळायच्या आधीपासून वॉर्डात पाण्यासारखा पैसा ओतणारा माणूस निवडून आल्यावर तो पैसा कुठून काढेल याचा विचार आपण करायला हवा.

आधी पार्षद राहिलेला किंवा परत उभा राहणारा उमेदवार असेल तर आरटीआय टाका. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, आधीच टाका. प्रश्न छोटे ठेवा. माझ्या वॉर्डात या दोन आर्थिक वर्षांत कोणती कामं मंजूर झाली, ठेकेदार कोण, किती पैसे दिले, काम पूर्ण कधी झालं. एवढंच. मग ती यादी घेऊन संध्याकाळी फिरायला जा आणि काम जागेवर आहे का बघून या, चार घरं मिळून केलं तर एका रविवारी होतं. निगमाच्या ३११ या तक्रारींच्या ॲपवरच्या आपल्या जुन्या तक्रारीही काढा, किती दिवसांत सुटली, न सुटता बंद केली का, हे पार्षदाशी बोलताना फार उपयोगी पडतं.

समोरासमोर विचारताना

उमेदवार घरी येतो तेव्हा मागे वीस माणसं असतात, पाया पडतो, "आशीर्वाद द्या" म्हणतो आणि दोन मिनिटांत पुढच्या दारात. तिथे काही होत नाही. त्यापेक्षा कॉलनीच्या रहिवासी संघाने, नाहीतर गणपतीच्या मंडळाने, महिला मंडळाने आधीच वेळ मागून अर्धा तास बसवायचं, सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एकाच पत्राने बोलावायचं, येईल तो येईल. जो येत नाही त्यानेही काहीतरी सांगितलंच आहे. प्रश्न हिंदीतच विचारा म्हणजे पळवाट राहत नाही, आणि लिहून न्या, कारण गर्दीत आपणच गडबडतो. "भैया, पानी का बिल अगले पाँच साल में कितना होगा?" असा एका ओळीचा प्रश्न चांगला. "शहराच्या विकासाबद्दल आपलं काय व्हिजन आहे?" असा प्रश्न विचारलात की भाषण सुरू झालंच म्हणून समजा.

उत्तर ऐकताना तीन गोष्टी धरायच्या, आकडा सांगतोय का, तारीख सांगतोय का, आणि पैसे कोणत्या खात्यातून येतील ते सांगतोय का. "करवा देंगे" हे उत्तर नाही. "हे निगमाच्या हातात नाही पण मी राज्याकडे पाठपुरावा करीन" असं कोणी म्हणालं तर मला तो माणूस आवडतो, निदान त्याला आपल्या खुर्चीची हद्द माहीत आहे. आपल्यापैकी एकाने प्रत्येक उमेदवाराच्या उत्तरांचे मुद्दे तारखेसकट लिहून घ्या, शक्य असेल तर सगळ्यांसमोर त्याला वाचून दाखवा आणि विचारा की बरोबर लिहिलंय ना. सही मागायची गरज नाही, वाचून दाखवलं की पुरतं.

आता आपल्या समाजाबद्दल, थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. निवडणूक आली की गणेशोत्सवात, कोजागिरीला, नाटकाच्या मध्यंतरात उमेदवार येतात, दोन वाक्यं मराठीत बोलतात, होळकरांचं आणि अहिल्याबाईंचं नाव घेतात, मराठी भवनाला नाहीतर सभागृहाला मदत देईन म्हणतात आणि आपण विरघळतो. सभागृह हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या अहिल्याबाईंचं नाव घेतलं जातं त्यांनी विहिरी, घाट, रस्ते बांधले आणि खजिन्याच्या हिशोबात कडक राहिल्या, तर त्यांच्या नावाने मत मागणाऱ्याला पाण्याचा आणि हिशोबाचा प्रश्न विचारणं हेच योग्य आहे. मराठी उमेदवार असेल तर त्यालाही तेच प्रश्न आणि तेवढ्याच कडकपणे. "आपला माणूस" म्हणून सोडून दिलेला माणूस पाच वर्षं आपल्याच दारात कमी येतो असा अनुभव अनेकांना आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या गोष्टींसाठी एकच नियम ठेवा, कराचा कुठलाही आकडा आला की आपल्या पावतीशी लावून बघायचा. "कर तिप्पट झाला" असा मेसेज आला आणि तुमची पावती सव्वापट दाखवते आहे, तर तो मेसेज पुढे ढकलू नका. आणि "काहीच वाढलं नाही" आला आणि तुमचा जलकर वाढलाय, तर पावतीचा फोटो ग्रुपवर टाका, नाव-नंबर झाकून.

शेवटी निवडायचं कसं? मी एक कागद घेते, डावीकडे माझ्या घराचे आणि वॉर्डाचे खरे प्रश्न लिहिते, पाणी, ड्रेनेज, कर, रस्ता, कुत्री, पार्किंग, ज्या क्रमाने मला टोचतात त्या क्रमाने, आणि समोर प्रत्येक उमेदवाराचं त्यावरचं उत्तर, कोरं असेल तर कोरं. पक्षाचं नाव सगळ्यात खाली लिहिते. पक्ष बघायचाच नाही असं मी म्हणत नाही, राज्यात ज्यांचं सरकार आहे त्यांच्याशी महापौराचं जमणं न जमणं याचा पैशांवर परिणाम होतो, ते खरं आहे, पण तो वरचा पहिला मुद्दा नसावा. घरातल्या प्रत्येकाने आपला कागद वेगळा करावा, सासूबाईंचा पाण्याचा प्रश्न पहिला असेल, मुलीचा रात्रीच्या सिटी बसचा आणि दिव्यांचा, तुमचा कराचा. तिघांचं मत वेगळं पडलं तरी काही बिघडत नाही. आणि कोणाच्याच समोर काही लिहिता आलं नाही तर नोटा आहे यंत्रावर, पण त्याआधी अपक्षांचीही शपथपत्रं एकदा वाचा, बरेचदा आपण त्यांची नावंही न वाचता सोडून देतो.

मतदानाला सकाळी लवकर जा, २०२२ ला मतदान जुलैच्या ६ तारखेला होतं, पावसाचे दिवस, दुपारून एकदा धो-धो लागला की म्हातारी माणसं बाहेर पडत नाहीत. स्लिप घरी आली नसेल तर आदल्या दिवशीच बूथ शोधून ठेवा. महापौर आणि पार्षद दोन्ही बटणं दाबायची आहेत, एक दाबून बाहेर येऊ नका.

निकालानंतर तो कागद आणि उत्तरांची वही टाकून देऊ नका. नव्या परिषदेचं पहिलं बजेट येईल तेव्हा वर्तमानपत्रात कराच्या दरांची बातमी असेल, त्या दिवशी वही काढा, उमेदवाराने तुमच्या मंडळात सांगितलेला आकडा आणि छापून आलेला आकडा शेजारी लिहा, आणि फरक असेल तर रहिवासी संघाच्या नावाने पार्षदाला त्याच आठवड्यात पत्र द्या, पोच घेऊन.